गाण्यांचं ॲप सोडून स्वतःचा संग्रह करताना: आधी काय, नंतर काय

ॲपची वर्गणी बंद करून गाणी स्वतःच्या मालकीची करायची, असं ठरवणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी वर्गणी बंद करतात. महिना संपला की ॲपमध्ये ‘डाउनलोड’ करून ठेवलेलं काहीच वाजत नाही. वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या कुठे लिहून ठेवलेल्या नसतात. मग मोबाइल शॉपीतून मेमरी कार्डात दुसऱ्याच कुणाच्या आवडीची पाचसहाशे गाणी भरून आणली जातात. त्यांत निम्मी फाटक्या आवाजाची असतात आणि गायकाच्या नावाच्या जागी एखाद्या वेबसाइटचं नाव असतं. चार महिन्यांत माणूस परत ॲपवर येतो.

यात क्रम चुकलेला असतो. वर्गणी सगळ्यात शेवटी बंद करायची. याद्या काढून झाल्या की सगळ्यात आधी हात घालायचा तो घरातल्या जुन्या कॅसेट्सना. सिनेमाची गाणी पुढच्या वर्षीही विकत मिळतील. पण गावच्या सप्ताहातला काकडा, आजोबांच्या भजनी मंडळाचा हरिपाठ, चौदा एप्रिलच्या रात्री वस्तीवर रेकॉर्ड केलेली भीमगीतं कोणत्याही ॲपवर नाहीत. त्यांची एकच प्रत आहे, ती पत्र्याच्या घरातल्या ट्रंकेत आहे, आणि मराठवाड्याचा उन्हाळा तिला दरवर्षी थोडा थोडा खातो आहे.

## तयारी: काय जवळ असावं

चालू स्थितीतला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. लॅपटॉप असेल तर बॅटरी निदान तासभर टिकणारी हवी, कारण फाइली हलवत असताना लाइट गेली तर अर्धवट लिहिलेली फाइल खराब होते, आणि कधीकधी पूर्ण डिस्कच वाचता येईनाशी होते. डेस्कटॉप असेल तर तो इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या.

दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. एक चालणार नाही, कारण पुढे कळेल. किती जागेच्या घ्यायच्या याचा हिशोब सोपा आहे. पाच मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या, एमपी-थ्रीमध्ये साधारण १२ एमबी भरतं, म्हणजे हजार गाण्यांना १२ जीबी. तेच गाणं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता दाबून ठेवलेल्या रूपात, २५ ते ३० एमबी भरतं. हजार गाण्यांना ३० जीबी धरा. घरगुती संग्रहाला १ टीबीची डिस्क पुरून उरते.

सीडी असतील तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह लागेल. कॅसेट्स असतील तर चालू टेप आणि लाइन-इन (टेपचा आवाज थेट आत घेणारं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड.

खबरदारी: बाजारात आणि ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारे ‘१ टीबी’ आणि ‘२ टीबी’चे पेन ड्राइव्ह हमखास खोटे असतात. आतली चिप ३२ किंवा ६४ जीबीची, पण कॉम्प्युटरला ती १ टीबीची दिसेल अशी केलेली. जागा भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावापुरत्या दिसतात, वाजत एकही नाही. नवीन पेन ड्राइव्ह किंवा कार्ड घेतलं की आधी एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा, मगच त्यावर गाणी टाका.

## टप्पा १: याद्या ॲपबाहेर काढा

हे काम वर्गणी चालू असतानाच करायचं. भारतात रेसो ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं, त्याच वर्षी विंकही गेलं. ॲप गेलं की याद्या जातात.

स्पॉटिफायवर खात्याच्या गोपनीयता विभागातून तुमची माहिती मागवता येते. साधी माहिती साधारण पाच दिवसांत येते, ऐकण्याचा पूर्ण इतिहास हवा असेल तर तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. दोन्ही मागवा. इतिहास मागवणं बरेच जण टाळतात, पण तुम्ही खरोखर काय ऐकता हे तिथेच कळतं, आणि पुढच्या टप्प्यात त्याचाच उपयोग आहे. यूट्यूब म्युझिकच्या याद्या गूगल टेकआउटमधून, म्हणजे गूगलकडची आपली माहिती उतरवून घ्यायच्या सोयीतून, निघतात. टेकआउटमध्ये सगळ्या खुणा काढून फक्त यूट्यूबवर खूण ठेवा, नाहीतर फोटोंसकट शंभर जीबी उतरायला लागेल. याद्या बाहेर काढून देणाऱ्या साउंडीझ किंवा ट्यूनमायम्युझिकसारख्या सेवाही आहेत. त्यांतून यादी एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलीत घ्या.

काही ॲपमध्ये ही सोय सापडत नाही. तिथे यादी वर सरकवत स्क्रीनशॉट काढायचे आणि सावकाश शीटमध्ये उतरवायचे. कंटाळवाणं काम आहे, पण घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाला सोबत घेतलं तर संध्याकाळभरात होतं.

तपासा: फाइल इंटरनेट बंद करून उघडते का? गाण्याचं नाव, गायक आणि अल्बम, तिन्ही रकाने आहेत का? नुसत्या लिंक असतील तर ती यादी पुढे कामाची नाही.

## टप्पा २: यादी चाळा

दोन हजार गाण्यांची यादी जशीच्या तशी विकत घ्यायला बसू नका. ॲपने सुचवलं म्हणून आलेली, लग्नाच्या वरातीसाठी टाकलेली, एकदाच ऐकलेली गाणी त्यात भरपूर असतात. शीटमध्ये एक रकाना वाढवा आणि प्रत्येक गाण्यापुढे ‘हवंच’, ‘नंतर’ किंवा ‘नको’ लिहा. इतिहासाची फाइल शेजारी उघडी ठेवा. ‘हवंच’मध्ये बहुधा मूळ यादीचा छोटा भागच उरतो आणि खर्चाचा आकडा एकदम आवाक्यात येतो.

आणखी एक रकाना ‘कुठून’चा: घरात सीडी आहे, कॅसेट आहे, विकत घ्यायचं, की कलाकाराकडूनच मिळेल. हा रकाना भरल्याशिवाय पैसे खर्च करू नका. माळ्यावरच्या खोक्यात ज्याची सीडी पडून आहे तेच गाणं पुन्हा विकत घेतलं जातं.

## टप्पा ३: घरातल्या कॅसेट्स

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. सी-६० कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, सी-९० ची पंचेचाळीस. जितका वेळ ती वाजते तितकाच वेळ ती उतरवायला लागतो, त्यात घाई करता येत नाही.

आधी कॅसेट हातात घेऊन पाहा. काचेतून टेपच्या कडेवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वाजवू नका, बाजूला ठेवा. वाजवली तर बुरशी टेपच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. आपल्याकडच्या उन्हाने त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. तो नसेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज मध्येच दबतो. दुसऱ्या, टाकाऊ कॅसेटमधली पट्टी काढून बसवता येते, किंवा स्क्रू असलेली रिकामी कॅसेट घेऊन रिळं तिच्यात हलवता येतात. जुना टेप-रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर अजून बहुतेक तालुक्यांत एखादा तरी आहे, त्याच्याकडून हे पहिल्यांदा समोर बसून करून घ्या.

मग कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही खटके मोडा. ते मोडले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जात नाही. हे आधी न केल्याने भजनाच्या मधोमध घरातल्यांचं बोलणं शिरलेल्या कॅसेट्स घरोघरी आहेत.

एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं न हललेली टेप थरांना चिकटते. सरळ प्ले केली तर ती ओढली जाते.

हेड साफ करा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला हेच वापरतात, त्यांच्याकडे चौकशी केली तर मिळतं. रबरी चाकाला अल्कोहोल कमीच लावा, ओलसर कापडानेही ते निघतं. चार-पाच कॅसेट झाल्या की पुन्हा पुसायचं, काडी तपकिरी निघेल.

जोडणी. टेपच्या लाइन-आउटमधून, तो नसेल तर हेडफोनच्या भोकातून, वायर यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन-इनला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घालू नका. ते माणसाच्या बोलण्यासाठी आवाज वाढवून घेतं, त्यामुळे पखवाजाचा प्रत्येक ठोका फाटतो. शंभर-दीडशे रुपयांच्या बहुतेक यूएसबी साउंड कार्डांनाही नुसतं माइकचंच भोक असतं, तेव्हा घेताना ‘स्टिरिओ लाइन-इन’ असं लिहिलेलं बघून घ्या.

रेकॉर्डिंग. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ, आणि कार्डाला जमत असेल तर २४ बिट. कॅसेटमधला सर्वांत मोठा आवाज शोधा. अभंगाचा शेवटचा गजर, जिथे टाळ, पखवाज आणि सगळं मंडळ एकदम असतं, तोच भाग वाजवून पातळी ठरवा. पट्टीवरचा काटा तिथे उणे ६ डेसिबलच्या आसपास राहावा. सुरुवातीच्या एकट्या वीणेवर पातळी ठरवली तर गजराला आवाज फाटणारच, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

पूर्ण बाजू एकसलग घ्या, मध्ये थांबवू नका. कूलर आणि पंख्याचा आवाज वायरमधून येत नाही, पण त्याच बोर्डावर कूलरची मोटर चालू असेल तर तिची घरघर कधीकधी विजेच्या वायरीतून आत शिरते. ती ऐकू आली तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून बघा.

वेग तपासा. टेपचा बेल्ट सैल झाला की वेग मंदावतो, गाणाऱ्याचा आवाज जाड येतो. ओळखायची खात्रीची पद्धत पेटी. गाणं ज्या पट्टीत आहे ती हार्मोनियमवर शोधा. काळी एक, पांढरी चार, काळी पाच अशी कोणती तरी पट्टी नेमकी लागली तर वेग बहुधा बरोबर आहे. स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकत असेल तर बेल्ट बदलून घ्या. रेकॉर्डिंगमध्ये तेव्हा बोललेला माणूस घरात असेल तर त्याला ऐकवा, तो आवाजावरून लगेच सांगतो. रेकॉर्डिंग होऊन गेल्यावर सुधारायचं असेल तर ऑडॅसिटीत वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारं साधन वापरा, नुसता वेग बदलणारं नाही.

खबरदारी: खरखर काढायचा मोह आवरा. ऑडॅसिटीतलं आवाज-सफाईचं साधन जोरात वापरलं की टाळाची आणि चिपळ्यांची किणकिण आधी जाते, कारण तीही खरखरीसारखीच बारीक आणि वरच्या पट्टीची असते. उरतं ते पाण्याखालून आल्यासारखं भजन. मूळ, न सुधारलेली पूर्ण बाजू फ्लॅकमध्ये वेगळी ठेवा, आणि सफाई, तुकडे वगैरे जे करायचं ते दुसऱ्या प्रतीवर करा. बियाण्याचं धान्य कणगीत वेगळं ठेवतात तशी ही मूळ फाइल, तिला रोजच्या वापरात आणायचं नाही.

तपासा: सुरुवात, मध्य आणि शेवट हेडफोनवर ऐका. डावा-उजवा दोन्हीकडून आवाज येतो का? जुने घरगुती टेप मोनो, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नसलेले, असत. एका बाजूचा आवाज मंद असेल तर चांगली बाजू ठेवून तीच दोन्हीकडे करा. त्याच दिवशी घरातल्या जुन्या माणसाला बसवून कोण गातंय, पखवाजावर कोण, कोणतं गाव, कोणतं वर्ष हे विचारा आणि लिहा. कॅसेटवरचं बॉलपेनचं लिखाण पुसट झालं असेल तर आधी त्याचा फोटो काढा. आवाज उतरवणं पुढच्या वर्षीही होईल, पण तो आवाज कुणाचा हे सांगणारा माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

## टप्पा ४: सीडी

कॅसेटपेक्षा हे फार सोपं. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही मोफत. त्यांतली ‘सुरक्षित’ वाचनाची पद्धत निवडा. वेळ जास्त लागतो, पण ओरखडा असलेला भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो, आणि जमलं नाही तर प्रोग्रॅम तसं स्पष्ट सांगतो. बाकीचे बरेच प्रोग्रॅम तिथे मुकाट्याने टिकटिक घालून पुढे जातात.

थेट फ्लॅकमध्येच काढा. आधी एमपी-थ्री काढून ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना सगळ्या सीडी पुन्हा लावाव्या लागतात. फ्लॅकमधून एमपी-थ्री कधीही करता येतो. एमपी-थ्रीतून फ्लॅक केला तर फाइल फुगते, आवाज होता तिथेच राहतो.

स्वतःच्या सीडीची स्वतःच्या ऐकण्यापुरती प्रत, हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या खासगी वापराच्या सवलतीचा विषय आहे. ती प्रत गावभर वाटणं त्यात बसत नाही. ॲपने लावलेलं कुलूप तोडून गाणी काढणं तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ मध्ये येतं, म्हणून ‘ॲपमधून गाणी काढून देणारे’ प्रोग्रॅम या लेखात नाहीत.

## टप्पा ५: उरलेलं विकत घ्या

आयट्यून्स स्टोअरमधून एकेक गाणं किंवा पूर्ण अल्बम विकत घेता येतो, आयफोन नसला तरी विंडोजच्या कॉम्प्युटरवरून. मिळते ती २५६ केबीपीएसची एएसी फाइल (एमपी-थ्रीसारखंच दुसरं रूप), बिनकुलुपाची. इथे एक गल्लत नेहमी होते. त्याच कंपनीच्या ॲपल म्युझिक या वर्गणीतून उतरवलेली फाइल कुलूपबंद असते आणि वर्गणी संपली की मुकी होते. नावं सारखी, वागणं उलट. विकत घेतलेल्या गाण्यासाठी किंमत दिलेली असते आणि ईमेलवर पावती येते, एवढं लक्षात ठेवा.

स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प. तिथे एकदा विकत घेतलं की एमपी-थ्री, फ्लॅक हवं त्या रूपात उतरवता येतं. पैसे परकीय चलनात जातात, त्यामुळे डेबिट कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. नव्या कार्डांवर ते बंदच असतात. खरेदी झाली की पुन्हा बंद करा.

आणि आपल्या भागातले कलाकार. शाहीर, कीर्तनकार, गोंधळी, भीमगीतांचे गायक, नांदेडचे शबद-कीर्तन गाणारे रागी, यांतले कित्येक जण स्वतःचं रेकॉर्डिंग बाळगून असतात. कार्यक्रमानंतर सरळ भेटून विचारा, पैसे द्या, आणि फाइल मागा. व्हॉट्सॲपवर घेणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या ऑडिओसारखी पाठवली तर फाइलीचं नाव जातं आणि तारखेसारखं काहीतरी उरतं. त्याहून चांगलं म्हणजे पेन ड्राइव्ह घेऊन जायचा आणि स्टुडिओतून मिळालेली मूळ फाइलच घ्यायची. मला स्वतःला संग्रहासाठी दिलेल्या पैशांत हे पैसे सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात, कारण ते पूर्णच्या पूर्ण गाणाऱ्याच्या हातात जातात.

खबरदारी: मोबाइल शॉपीतून भरून आणलेली आणि यूट्यूबवरून एमपी-थ्री करणाऱ्या साइटवरून घेतलेली गाणी संग्रहात मिसळू नका. बेकायदा तर आहेतच, शिवाय १२८ केबीपीएसची फाइल पुन्हा ३२० वर लिहून ठेवलेली असते, त्यामुळे नुसता आकडा बघून कळत नाही. स्पेक या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल टाकून आवाजाचं चित्र बघा. रंग १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेषेत कापल्यासारखा संपत असेल तर ३२० चा आकडा खोटा धरा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच वरचा भाग कमी असतो, तिथे मात्र हा रंग हळूहळू विरतो, कापल्यासारखा दिसत नाही.

## टप्पा ६: नावं आणि टॅग

संग्रह मोडतो तो इथे. हजार गाणी असतात आणि हवं ते सापडत नाही, म्हणून माणूस परत ॲपकडे वळतो.

टॅग म्हणजे फाइलीच्या आतच लिहिलेली गाणं, गायक, अल्बम ही माहिती. ती भरायला एमपी-थ्री-टॅग हा प्रोग्रॅम घ्या. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आपोआप नावं भरतो, हिंदी सिनेमाच्या प्रसिद्ध अल्बमला चालून जातो, पण मराठी अभंग आणि लोकगीतांना त्याच्यावर विसंबू नका, नावं हातानेच भरा.

एक पान घेऊन आधी नियम लिहा. ‘ज्ञानेश्वर’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘ज्ञानेश्वर महाराज’ यांतलं एकच रूप ठरवा. ‘पं.’ लिहायचं की ‘पंडित’ की काहीच नाही, तेही. नियम ठरवले नाहीत तर एकच गायक यादीत चार ठिकाणी दिसतो.

अभंगांत खरी अडचण वेगळी. तीच रचना दहा जणांनी गायलेली असते, चाली वेगळ्या असतात. म्हणून गायकाच्या रकान्यात गायक, संगीतकाराच्या रकान्यात चाल लावणारा, आणि गीतकाराच्या रकान्यात संत. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांची नावं गायकाच्या रकान्यात घालू नका. बरोबर भरलं की फोनवर ‘जनाबाई’ एवढं शोधलं तरी तिच्या सगळ्या रचना सगळ्या गायकांच्या आवाजात एकत्र येतात. ॲपमध्ये हे सुख मिळत नाही, तिथे संतांची नावं कुठेही आणि कशीही असतात.

भारूड, गवळण, पोवाडा, ओवी, भीमगीत, कव्वाली हे प्रकाराच्या रकान्यात लिहा. तिथे आधीचं ‘इंडियन’ किंवा ‘अदर’ पुसून टाका. आणि अनेक गायकांच्या अल्बमला ‘अल्बमचा कलाकार’ या रकान्यात ‘विविध कलाकार’ लिहायला विसरू नका, नाहीतर एका अल्बमचे आठ तुकडे होतात.

घरच्या रेकॉर्डिंगला अल्बमच्या जागी प्रसंग, गाव आणि वर्ष. उदाहरणार्थ ‘हरिनाम सप्ताह, आपेगाव, १९९१’. वर्ष नक्की माहीत नसेल तर ‘१९९० च्या आसपास’ असं शेऱ्याच्या रकान्यात लिहा, वर्षाच्या रकान्यात अंदाज भरू नका.

फोल्डर साधे ठेवा: प्रकार, त्यात गायक, त्यात अल्बम, आणि फाइलीच्या नावात आधी दोन आकडी क्रमांक. ‘१’ नव्हे, ‘०१’. नाहीतर दहावं गाणं दुसऱ्याच्या आधी वाजतं.

तपासा: वीस गाणी झाली की थांबा, फोनवर घ्या, सगळं बरोबर दिसतं का बघा. मगच पुढची हजार करा.

## टप्पा ७: तीन प्रती, दोन घरं

एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी घरातल्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडच्या हार्ड डिस्कवर. संभाजीनगरला राहत असाल तर लातूरच्या बहिणीकडे, किंवा उलट. चोरी, आग, पुराचं पाणी एकाच वेळी दोन गावांतल्या दोन डिस्कांना गाठत नाही. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणं होतंच, तेव्हा डिस्क बदलून आणा.

डिस्क लाकडी कपाटात, कोरड्या जागी. कूलरसमोरच्या शेल्फवर नको, तिथली हवा चार महिने ओली असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही वाजवायची साधनं आहेत, साठवणीची नव्हेत.

खबरदारी: डिस्क काढताना ‘सुरक्षितपणे काढा’वर क्लिक केल्याशिवाय वायर ओढू नका. आणि कॉपी झाल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे सारखा आहे का ते बघितल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका.

## टप्पा ८: फोन, गाडी, ट्रॅक्टर

मूळ संग्रह फ्लॅकमध्ये असला तरी फोनसाठी आणि गाडीसाठी त्यातून एमपी-थ्रीची वेगळी प्रत काढा. अँड्रॉइडवर म्युझिकोलेट हे मोफत ॲप चांगलं, ते इंटरनेटची परवानगीच घेत नाही. बालाघाटाच्या डोंगरात किंवा शेतात रेंज नसते तिथे फरक पडत नाही. गाणी कार्डावर टाकताना कार्ड रीडर वापरा, फोन वायरने जोडून हजार फाइली पाठवताना मध्येच तुटतं.

गाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या टेपसाठी पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. बऱ्याच टेपना दुसरी पद्धत वाचता येत नाही. टॅग आयडी-थ्रीच्या २.३ आवृत्तीत ठेवा. देवनागरीऐवजी चौकोन दिसत असतील तर टेपमध्ये तो फॉन्ट नाही, तुमची फाइल ठीक आहे. अशा वेळी फक्त त्या प्रतीतली नावं रोमन लिपीत करा, मूळ संग्रहातली देवनागरी तशीच राहू द्या.

आणखी एक, जे फार जणांना छळतं: बऱ्याच टेप नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने फाइली कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून पेन ड्राइव्ह आधी रिकामा करा आणि फोल्डर एकेक करून, क्रमाने भरा. नंतर मध्येच एखादं गाणं घातलं तर ते शेवटी जाऊन बसतं.

## टप्पा ९: महिनाभर दोन्ही चालू, मग वर्गणी बंद

संग्रह तयार झाला की ॲप फोनच्या पहिल्या पानावरून हलवा, पण वर्गणी महिनाभर राहू द्या. या महिन्यात जे गाणं आठवलं आणि संग्रहात मिळालं नाही ते शीटमध्ये लिहा. महिनाअखेरीला ती यादी टप्पा ५ प्रमाणे विकत घ्या. घरातल्या बाकीच्यांनाही विचारा. कुटुंबाची एकत्र वर्गणी असेल तर तुमच्या निर्णयाने मुलीची अभ्यासाची यादी किंवा आईची पहाटेची भक्तिगीतं बंद होतात, आणि ते त्यांना बंद झाल्यावरच कळतं.

मग बंद करा, पण बंद करणं म्हणजे ॲप पुसणं नव्हे. ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जात राहतात. वर्गणी प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर प्ले स्टोअरच्या वर्गण्यांमध्ये जाऊन, ॲपच्या वेबसाइटवरून घेतली असेल तर तिथल्या खात्यात जाऊन रद्द करा. त्यानंतर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत ती परवानगी अजून ‘चालू’ दिसते का बघा, दिसली तर तिथूनही रद्द करा. पैसे कापण्याआधी चोवीस तास सूचना येते. पुढच्या तारखेला अशी सूचना आली तर दोन्हीपैकी एक जागा राहून गेली आहे.

रद्द केल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. वर्गणीची मुदत संपली की फोन विमान मोडवर टाकून संग्रहातली दहा-बारा गाणी वेगवेगळ्या फोल्डरमधून वाजवून बघा. सगळी वाजली की ॲप काढून टाका, आणि त्याच आठवड्यात तिसऱ्या प्रतीची डिस्क दुसऱ्या गावी पोचती करा.